जॅग्वार एक्सजे १३ : एकमेव गाडीचा अपघात आणि तिची पुनर्बांधणी

इंग्लंडच्या वॉरिकशायर परगण्यात गेडन येथे ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. या संग्रहालयाशी जोडलेल्या जॅग्वारच्या वारसा संग्रहात एक गडद हिरवी, बुटकी, छप्पर नसलेली दोन आसनी गाडी आहे. तिचे नाव एक्सजे १३. फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीसाठी ती बांधण्यात आली आणि १९६६ साली तयार झाली. ती एकच बांधली गेली. ती एकाही शर्यतीत उतरली नाही. जानेवारी १९७१ मध्ये चित्रीकरण चालू असताना तिचा चेंदामेंदा झाला आणि १९७३ साली ती पुन्हा लोकांसमोर आली. शर्यतीच्या गाड्यांची प्रकरणे अभ्यासताना बहुतेक वेळा कोणत्या शर्यतीत कोण चालक होता, कितव्या फेरीला काय तुटले आणि इंजिन केव्हा बदलले याचा हिशेब लावावा लागतो. एक्सजे १३च्या बाबतीत शर्यतींचे पान कोरे आहे. तरीही जुन्या गाडीची दुरुस्ती कोठवर ‘तीच गाडी’ राहते आणि कोठून पुढे ती नवी वस्तू होते, हा प्रश्न इतक्या उघडपणे मांडणारे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

या लेखातील भूमिका आधीच सांगतो. आज पाहायला मिळते ती गाडी यांत्रिक रचनेने १९६६ची आणि अंगाने १९७३ची आहे. तिला १९६६च्या रूपात परत नेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, पण तसे करू नये. या मताची कारणे तिच्या घडणीत, मोडण्यात आणि पुन्हा उभे राहण्यात आहेत.

इंजिन आधी, गाडी नंतर

जॅग्वारने ल मांची शर्यत १९५१ आणि १९५३ साली सी-टाइप गाडीने आणि १९५५, १९५६ व १९५७ साली डी-टाइपने जिंकली. शेवटचे दोन विजय एकुरी एकॉस या स्कॉटिश संघाने मिळवले होते. कंपनीने स्वतःचा संघ १९५६च्या हंगामानंतर मागे घेतला होता, पण मुख्य अभियंते विल्यम हेन्स यांच्या विभागातली ल मांची ओढ संपली नव्हती. परत जायचे तर नवे इंजिन हवे, हे त्यांना कळत होते. सी-टाइप आणि डी-टाइप या दोन्हींना पळवणारे एक्सके हे सहा सिलिंडरचे इंजिन थोर असले, तरी त्याचा जन्म १९४०च्या दशकातला होता.

क्लॉड बेली यांनी आखलेले नवे इंजिन व्ही आकारात मांडलेल्या बारा सिलिंडरचे होते. कल्पना ढोबळमानाने अशी, की दोन एक्सके इंजिने ६० अंशांच्या कोनात एकाच क्रँकशाफ्टवर बसवायची आणि ब्लॉक ॲल्युमिनियमचा करायचा. हवा आत घेणारे मार्ग, व्हॉल्व्हचे कोन आणि ज्वलनकक्षाचा आकार मात्र नव्याने ठरवण्यात आला. व्हॉल्व्ह उघडणारे-मिटणारे दांडे, म्हणजे कॅमशाफ्ट, प्रत्येक बाजूला दोन असे एकूण चार होते आणि इंधन यांत्रिक इंजेक्शनने जात असे. सिलिंडरचा व्यास ८७ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७० मिलिमीटर आणि एकूण क्षमता ४,९९४ घन सेंटिमीटर होती. हे इंजिन जुलै १९६४ मध्ये पहिल्यांदा चाचणीमंचावर चालले आणि पुढे त्याने मिनिटाला ७,६०० फेऱ्यांवर ५०२ अश्वशक्ती दिली. १९६५ साली गाडी बांधायला घेतली तेव्हा कागदोपत्री कारण या इंजिनाची चाचणी हेच होते. मनातले कारण कोणते, हे गाडीकडे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

गाडीचा मधला भाग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नसलेला आणि स्वतःच भार पेलणारा सांगाडा होता. इंजिन चालकाच्या पाठीमागे होते आणि तेही भार पेलत असे. त्याला झेडएफ कंपनीचा पाच गिअरचा ट्रान्सॲक्सल, म्हणजे मागच्या चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या यंत्रणेसह एकत्र असलेला गिअरबॉक्स, जोडला होता, आणि इंजिन व गिअरबॉक्स मिळून गाडीचा मागचा सांगाडाच झाला होता. पुढचे सस्पेन्शन ई-टाइपच्या धर्तीवरचे होते, मात्र ई-टाइपमधल्या टॉर्शन बारच्या जागी कॉइल स्प्रिंग आणि डॅम्पर आले. मागे चाकांना शक्ती नेणारे दांडेच, ई-टाइपप्रमाणे, सस्पेन्शनच्या वरच्या दुव्याचे काम करत. मागच्या भागात काहीही बदलायचे झाले तर इंजिनाला हात लावावा लागे, आणि इंजिनाला धक्का बसला तर त्याची झळ सगळ्या गाडीला पोहोचे. पुढच्या अपघाताचा विचार करताना ही बाब ध्यानात ठेवावी लागते.

बाहेरचा आकार माल्कम सेयर यांचा होता. सेयर विमानबांधणीच्या क्षेत्रातून आले होते आणि सी-टाइप, डी-टाइप व ई-टाइप या तिन्ही गाड्यांचे आकार त्यांनीच दिले होते. ते कागदावर डोळ्यांना बरी दिसेल अशी रेषा ओढून थांबत नसत. लंबवर्तुळासारख्या वक्रांची समीकरणे मांडून, आकडेमोड करून ते गाडीच्या अंगावरचा बिंदू न् बिंदू काढत, त्या बिंदूंवरून पूर्ण आकाराची आरेखने होत आणि आरेखनांवरून साचे. एक्सजे १३च्या अंगावर एकही पंख किंवा उभी पट्टी नाही. पुढच्या नाकापासून शेपटीपर्यंत पत्रा एका श्वासात वाहत जातो. ल मां येथे त्या काळी सुमारे ६ किलोमीटरची अखंड सरळ वाट होती आणि तिथे हवेचा अडथळा कमी असणे म्हणजे अर्धी लढाई जिंकणे होते. सेयर यांनी हा आकार त्या वाटेसाठी काढला होता.

प्रत्यक्ष बांधणीत माइक किम्बर्ली, टेड ब्रूक्स आणि बॉब ब्लेक यांचा मोठा वाटा होता. ब्लेक हे अमेरिकेतून आलेले पत्राकाम करणारे कारागीर होते. धातूवरचा त्यांचा हात त्यांच्या सहकाऱ्यांच्या आठवणींत पुनःपुन्हा वाखाणला गेला आहे.

झाकून ठेवलेली गाडी

१९६६च्या वसंतात गाडी तयार झाली आणि तिच्यावर आच्छादन पडले. कंपनीचे प्रमुख सर विल्यम लायन्स यांचे लक्ष त्या वेळी अगदी वेगळ्या गोष्टींत गुंतले होते. जॅग्वारला गाड्यांचे सांगाडे पुरवणारी प्रेस्ड स्टील ही कंपनी १९६५ साली ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने विकत घेतली होती, आणि आपला पुरवठा दुसऱ्याच्या हाती गेल्यावर स्वतंत्र राहणे कठीण, हे ओळखून लायन्स यांनी १९६६ मध्ये जॅग्वार त्याच समूहात विलीन केली. अभियंत्यांचे बळही नव्या एक्सजे ६ या सलून गाडीसाठी हवे होते. ती गाडी १९६८ साली आली आणि कंपनी तिच्यावरच तगली. लायन्स यांचा निर्णय शर्यतप्रेमींना खुपत असला, तरी व्यवसायाच्या दृष्टीने त्यात चूक काढता येत नाही.

मार्च १९६७ मध्ये एका रविवारी, कारखाना बंद असताना आणि लायन्स यांची परवानगी न घेता, मुख्य चाचणीचालक नॉर्मन ड्युइस यांनी ही गाडी नन्ईटनजवळच्या मिरा या चाचणी केंद्रावर नेली. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळाच्या जागेवर उभारलेल्या या केंद्रात सुमारे ४.५ किलोमीटरचा त्रिकोणी वेगवान मार्ग आहे आणि त्याची वळणे उंच तिरपी केलेली आहेत. ड्युइस कोणी हौशी चालक नव्हते. १९५३ साली बेल्जियममधल्या याब्बेक येथे त्यांनी एक्सके १२० गाडी ताशी २७७ किलोमीटरच्या वेगाने पळवली होती. परवानगीविना झालेल्या चाचणीबद्दल लायन्स यांनी त्यांची हजेरी घेतली, पण त्यानंतर गाडी बघायला ते स्वतःही आले.

त्याच वर्षी शर्यतचालक डेव्हिड हॉब्ज यांनी मिराच्या मार्गावर ताशी १६१.६ मैल, म्हणजे सुमारे २६० किलोमीटर, या सरासरी वेगाने फेरी पूर्ण केली. ब्रिटनमधल्या बंदिस्त मार्गावरचा हा अनौपचारिक विक्रम पुढे कितीतरी वर्षे टिकला. एक्सजे १३च्या नावावर स्पर्धात्मक म्हणावी अशी कामगिरी हीच, आणि ती केवळ घड्याळाशी झालेल्या स्पर्धेतली. सिल्व्हरस्टोनवरही चाचण्या झाल्या. गाडी वेगवान आहे, पण शर्यत जिंकण्याजोगी व्हायला तिच्यावर अजून पुष्कळ काम करावे लागेल, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

तेवढा अवधी उरला नव्हता. फोर्डने सात लिटरच्या इंजिनांनी १९६६ची ल मां पहिल्या तीनही क्रमांकांसह जिंकली आणि १९६७ची जिंकताना २४ तासांत ५,२३२ किलोमीटरहून अधिक अंतर कापले. त्या शर्यतीनंतर नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ठरवले की १९६८पासून प्रोटोटाइप, म्हणजे खास शर्यतीसाठी मोजक्या संख्येत बांधलेल्या, गाड्यांची इंजिने तीन लिटरपेक्षा मोठी नसावीत. पाच लिटरपर्यंतच्या गाड्यांना वेगळ्या गटात जागा होती, पण त्यासाठी किमान ५० गाड्या बांधलेल्या असणे आवश्यक होते. पुढे हा आकडा २५ वर आणला गेला. एक्सजे १३ एकच होती.

या ठिकाणी थोडे थांबणे मला आवश्यक वाटते, कारण ‘नियमांनी एक्सजे १३ला मारले’ हे वाक्य सर्रास लिहिले जाते आणि ते अर्धेच खरे आहे. २५ गाड्यांचा नियम आल्यावर पोर्शने १९६९च्या एप्रिलमध्ये ९१७ या नव्या गाडीच्या २५ प्रती आपल्या कारखान्याच्या आवारात रांगेत उभ्या करून दाखवल्या. फेरारीने त्याच नियमाखाली १९७०साठी ५१२ एस बांधली. त्या फेरारीचे इंजिन ६० अंशांचे, बारा सिलिंडरचे होते. सिलिंडरचा व्यास ८७ आणि धाव ७० मिलिमीटर होती. जॅग्वारने १९६४ साली चाचणीमंचावर चालवलेल्या इंजिनाची मापे नेमकी हीच होती. म्हणजे इंजिनाच्या आकारमानात जॅग्वारचे अभियंते मागासलेले नव्हते, आणि नियमांत वाट उपलब्ध होती. त्या वाटेने जायला २५ गाड्यांचा खर्च, चालकांचा ताफा आणि दोन-तीन हंगामांची चिकाटी लागत होती. विलीनीकरणाच्या धामधुमीत सापडलेल्या कंपनीकडे यांतले काहीच नव्हते.

जानेवारी १९७१

शर्यतीसाठीचे चार कॅमशाफ्टचे इंजिन बाजूला पडले तरी बारा सिलिंडरची कल्पना टिकली. वॉल्टर हॅसन आणि हॅरी मंडी यांनी प्रत्येक बाजूला एकच कॅमशाफ्ट असलेले, ५,३४३ घन सेंटिमीटरचे साधे आणि उत्पादनाला सोपे इंजिन तयार केले आणि १९७१च्या मार्चमध्ये ते ई-टाइपच्या तिसऱ्या मालिकेत आले. त्या गाडीच्या प्रसिद्धीपटासाठी, ‘आमच्या बारा सिलिंडरची सुरुवात इथून झाली’ हे दाखवायला, एक्सजे १३ला आच्छादनाखालून बाहेर काढण्यात आले. चालक ड्युइसच होते आणि जागाही मिराच होती.

चित्रीकरणाच्या अखेरच्या टप्प्यात, मोठ्या वेगात असताना, तिरप्या वळणावर मागच्या चाकाने दगा दिला. एका नोंदीनुसार टायर आधीच खराब झालेला होता आणि गाडी जोरात पळवू नये अशी सूचना होती. दुसरी नोंद चाकच कोसळल्याचे सांगते. गाडी कठड्यावर आदळली, मार्ग सोडून आतल्या मैदानात शिरली आणि कोलांट्या खात गेली. आपल्या हातात आता काही उरले नाही हे उमगताच ड्युइस यांनी इंजिन बंद केले आणि स्टिअरिंग सोडून पुढच्या फळीखालच्या पोकळीत अंग मुडपून घेतले. छप्पर नसलेल्या गाडीत डोके वर राहिले असते तर काय झाले असते, हे सांगण्याची गरज नाही. पन्नास वर्षांचा हा माणूस त्या चेंदामेंद्यातून फारशी इजा न होता बाहेर आला आणि पुढे ९८ वर्षांचे आयुष्य जगून २०१९ साली निवर्तला.

तंत्राच्या अंगाने या अपघाताची नोंद महत्त्वाची आहे. गाडी साडेतीन-चार वर्षांपूर्वी चाचणीसाठी पळाली होती आणि नंतरचा बहुतेक काळ उभी होती. शर्यतीच्या गाड्यांची हलक्या मिश्रधातूची चाके आणि टायर केवळ वापराने झिजत नाहीत, ते उभ्याउभ्याही म्हातारे होतात. रबर कडक होते आणि मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत गंज आतून पसरतो. आज जुन्या शर्यतीच्या गाड्या मार्गावर नेण्याआधी मॅग्नेशियमच्या चाकांत सूक्ष्म तडे गेले आहेत का हे तपासण्याचा, आणि टायर दिसायला चांगले असले तरी वयावरून बदलण्याचा, प्रघात आहे. एकमेव गाडीबाबत तो कसोशीने पाळावा असे ज्यांना वाटत नसेल, त्यांनी एक्सजे १३च्या अवशेषांची छायाचित्रे पाहावीत. पुढचा आणि मागचा पत्रा कागदाच्या बोळ्यासारखा चुरगळला होता. अवशेष उचलून कारखान्यात ठेवण्यात आले आणि तिथेच राहिले.

हजार पौंडांची पुनर्बांधणी

कॉव्हेंट्रीजवळच्या ॲबी पॅनल्स या पत्राकामाच्या कंपनीचे जॅग्वारशी जुने नाते होते. डी-टाइपचे पत्रे तिने घडवले होते आणि एक्सजे १३च्या मूळ अंगाशीही तिचा संबंध होता. तिचे प्रमुख एडवर्ड लोड्स यांना जॅग्वारच्या कोठारात ते अवशेष दिसले. मूळ बांधणीच्या वेळचे काही लाकडी साचे अजून शाबूत होते. गाडी पुन्हा घडवून देतो, असा प्रस्ताव त्यांनी लॉफ्टी इंग्लंड यांच्यापुढे ठेवला. इंग्लंड हे ल मां जिंकणाऱ्या जॅग्वार संघाचे एकेकाळचे व्यवस्थापक होते आणि १९७२ साली लायन्स निवृत्त झाल्यावर कंपनीचे प्रमुख झाले होते. त्यांनी होकार दिला. जॅग्वारला या कामाचा खर्च आला एक हजार पौंड. एवढ्या रकमेत असे काम होत नसते. ते झाले ते जुन्या लोभापोटी.

साचे शिल्लक असणे म्हणजे काय, हे कळण्यासाठी अशा पत्राकामाची रीत माहीत हवी. ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा आधी ढोबळ आकारात कापतात. मोठा फुगीर भाग हवा असेल तिथे तो वाळूने भरलेल्या पिशवीवर लाकडी हातोडीने ठोकून खोलगट करतात, मग एका मोठ्या आणि एका लहान चाकाच्या मध्ये धरून पुढेमागे सरकवत ताणतात. ठोकून ठोकून ॲल्युमिनियम कडक होते आणि तडकू लागते, म्हणून त्याला मधूनमधून तापवून मऊ करावे लागते. तापवतानाही जपावे लागते, कारण हा धातू लाल न होताच एकदम वितळतो. जुने कारागीर पत्र्यावर साबणाचा हात फिरवतात आणि खालून ज्योत धरतात; साबण काळवंडला की पत्रा मऊ झाला असे समजून ज्योत काढतात. दर थोड्या वेळाने तुकडा साच्यावर ठेवून कुठे टेकतो आणि कुठे उचलतो ते पाहतात. असे तुकडे गॅस वेल्डिंगने जोडतात, जोडाची रेघ ठोकून सपाट करतात आणि शेवटी कानस मारून ती दिसेनाशी करतात. पुण्याच्या तांबट आळीत हंड्या-घागरींवर मठारकाम होताना ज्याने पाहिले असेल, त्याला हातोडीच्या हलक्या, सारख्या आणि न संपणाऱ्या ठोक्यांचे हे काम ओळखीचे वाटेल.

साचा हा या साऱ्याचा पंच असतो. पत्रा बरोबर की चूक, हे तोच सांगतो. एक्सजे १३चे सगळे साचे मात्र हाती नव्हते. उरलेल्या भागांसाठी विचारावे तर ज्यांनी आकडेमोड करून हा आकार काढला होता, ते सेयर एप्रिल १९७० मध्ये, अपघाताच्या नऊ महिने आधीच, वयाच्या ५३व्या वर्षी वारले होते. पुनर्बांधणी करणाऱ्यांना न जुळणाऱ्या जागा कारागिराच्या नजरेने भरून काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. पूर्वीपेक्षा रुंद चाके घेण्याचे ठरल्यामुळे चाकांच्या कमानींना बाहेर आलेली कड द्यावी लागली. ही कड १९६६च्या गाडीवर नव्हती. जुन्या आणि नव्या छायाचित्रांची तुलना केली तर नजर सर्वांत आधी तिथेच अडखळते, कारण सेयर यांच्या आकारात पत्रा चाकावरून जवळजवळ अलगद निघून जात असे आणि नव्या गाडीत तो चाकाची दखल घेऊन पुढे जातो.

जुलै १९७३ मध्ये सिल्व्हरस्टोनला ब्रिटिश ग्रां प्रीच्या वेळी ही पुन्हा घडवलेली गाडी प्रेक्षकांसमोर आली आणि स्वतः इंग्लंड यांनी ती चालवली. गंमत अशी की सर्वसामान्य लोकांनी एक्सजे १३ प्रत्यक्ष पाहिली ती त्या दिवशी पहिल्यांदा. १९६६चे रूप कंपनीतल्या मोजक्या माणसांनी आणि मिराच्या भिंतींनीच पाहिले होते. आपल्या मनात एक्सजे १३ची जी प्रतिमा आहे, ती बहुतांशी १९७३च्या गाडीची आहे. पुढे हौशी मंडळींनी आणि लहान कारखान्यांनी तिच्या ज्या प्रतिकृती बांधल्या, त्यांतल्या बऱ्याच याच रूपावरून घेतलेल्या आहेत.

तिला मूळ रूपात न्यावे काय?

आज दिसणारी गाडी मूळ गाडीची हुबेहूब प्रत नाही, असे जॅग्वारनेच स्पष्ट म्हटले आहे, आणि या प्रकरणातली ही सर्वांत आदरणीय गोष्ट आहे असे मला वाटते. जुन्या शर्यतीच्या गाड्यांच्या व्यवहारात याच्या उलट वर्तन अनेकदा दिसते. चासीच्या क्रमांकाची एक पट्टी आणि दोन-चार तुकडे मिळाले की त्याभोवती सबंध गाडी उभी केली जाते आणि ‘मूळ’ म्हणून विकायला काढली जाते. एक्सजे १३ विक्रीसाठी नसल्यामुळे तिच्याबद्दल खरे बोलणे सोपे गेले असेल, पण ते बोलले गेले हे महत्त्वाचे.

मूळ रूपात नेण्याच्या बाजूने एक वजनदार उदाहरण आहे. पोर्श ९१७ मालिकेतली पहिली गाडी, क्रमांक ००१, मार्च १९६९ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात पांढऱ्या रंगात आणि हिरव्या नाकासह मांडली गेली होती. नंतर तिची शेपटी आखूड करून तिला १९७०च्या ल मां विजेत्या गाडीचा लाल-पांढरा वेष चढवण्यात आला आणि कित्येक वर्षे ती त्याच वेषात राहिली. २०१९ साली, मालिकेच्या पन्नासाव्या वर्षी, पोर्शच्या संग्रहालयाने तिला जिनिव्हातल्या रूपात परत आणले. हा निर्णय मला पटतो. त्या गाडीवर चढवलेला वेष दुसऱ्या गाडीचा होता आणि तो काढल्याने तिचे स्वतःचे काही हरवले नाही.

एक्सजे १३चे तसे नाही. तिची १९७३ची काया दुसऱ्या कोणाकडून उसनी आणलेली नाही. अपघातामुळे, उरलेल्या साच्यांमुळे, सेयर यांच्या अनुपस्थितीमुळे आणि लोड्स व इंग्लंड यांच्या निश्चयामुळे ती जशी घडायची तशी घडली. कमानींची कड घासून काढायची तर ॲबी पॅनल्सच्या कारागिरांच्या हाताचा पत्रा कापावा लागेल, आणि त्या जागी बसेल तो आजच्या कारागिराचा पत्रा असेल, १९६६चा नव्हे. मूळ पत्रा जानेवारी १९७१ मध्ये गेला आणि कितीही खर्च केला तरी तो परत येणार नाही. शिवाय १९७३ची गाडी आता पन्नास वर्षांहून जुनी आहे आणि पहिल्या कायेचे आयुष्य जेमतेम पाच वर्षांचे होते. हा हिशेबही दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

१९६६चे रूप पाहण्याची इच्छा मात्र रास्त आहे, आणि तिच्यासाठी वेगळी वाट आहे. मूळ छायाचित्रे, अपघातापूर्वीचे चित्रीकरण आणि उपलब्ध आरेखने यांच्या आधारे कमानींची कड नसलेली वेगळी गाडी बांधता येते. मूळ चार कॅमशाफ्टच्या इंजिनांपैकी एक मिळवून असा प्रयत्न इंग्लंडमध्ये झालेलाही आहे. अशी गाडी नवी म्हणूनच ओळखली जावी, तिने जुनीचे नाव घेऊ नये, एवढी अट पुरेशी आहे.

नंतरचे काही

बारा सिलिंडरची जॅग्वार ल मां जिंकली, पण १९८८ साली. त्या एक्सजेआर-९ गाडीचे इंजिन हॅसन आणि मंडी यांच्या उत्पादन-इंजिनातून वाढवलेले सात लिटरचे होते. बेली यांचे चार कॅमशाफ्टचे नव्हते. १९९० साली एक्सजेआर-१२ने तो विजय पुन्हा मिळवला. जून २००८ मध्ये मुंबईच्या टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर या कंपन्या फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरना घेतल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या सी-एक्स ७५ या संकल्पना-गाडीच्या आकारामागे एक्सजे १३ची प्रेरणा असल्याचे तिचे रचनाकार इयन कॅलम यांनी सांगितले होते. तीही उत्पादनापर्यंत पोहोचली नाही. २०१२च्या अखेरीस तो प्रकल्प थांबवण्यात आला.

संग्रहालयांत अशा गाडीपुढे सहसा वर्ष, इंजिन आणि वेग एवढाच मजकूर लावतात. एक्सजे १३साठी तो अपुरा आहे. बांधणी १९६५-६६, मिरावरील चाचण्या १९६७, अपघात जानेवारी १९७१ आणि ॲबी पॅनल्सने घडवलेली काया १९७३, या चारही नोंदी फलकावर सारख्याच ठळक अक्षरांत असाव्यात, आणि शेजारी १९६६च्या गाडीचे बाजूने घेतलेले एक मोठे छायाचित्र असावे, म्हणजे कमानींच्या कडेतला फरक पाहणाऱ्याला कोणी न सांगता दिसेल.